‘अस्तु’ आणि आठ दिवसांचा विसावा

आमच्या रंगभूमीनें वृद्धांच्या दुःखाची दखल घेतली नाहीं, असें कोणासही म्हणतां येणार नाहीं. १९७० मध्यें वि. वा. शिरवाडकर यांचें ‘नटसम्राट’ आलें. त्याच दशकांत जयवंत दळवी यांचें ‘संध्याछाया’ आलें. पहिल्यांत बाप पोटच्या मुलांच्या घरीं परका ठरतो. दुसऱ्यांत मुलें दूर गेल्यानें आईबाप एकाकी पडतात. प्रेक्षक डोळे पुसतो आणि मुलांस मनांतल्या मनांत दोष देत घरीं जातो. या नाटकांचा मोठेपणा आम्हांस मान्य आहे. तथापि जो मुलगा दूर गेला नाहीं, जी सून परकेपणानें वागली नाहीं, जीं दोघें वर्षानुवर्षें कोणाच्या अंथरुणाशीं बसून आहेत, त्यांना या नाटकांत जागा नाहीं.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २०१३ चा ‘अस्तु’ हा चित्रपट ही उणीव पुष्कळ अंशीं भरून काढतो, म्हणून त्याचा परामर्श येथें घेत आहों. संस्कृतचे पंडित चक्रपाणि शास्त्री (डॉ. मोहन आगाशे) यांस स्मृतिभ्रंश जडला आहे. कन्या इरा हिची नजर चुकतांच शास्त्रीबुवा एका हत्तीच्या मागें चालूं लागतात. मुलगी त्यांस शोधीत फिरते. इकडे माहुताची बायको चन्नम्मा त्यांस लेकरासारखें सांभाळते. या भूमिकेबद्दल अमृता सुभाष यांस साहाय्यक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो यथार्थ होय.

चन्नम्मेची माया पाहून सुशिक्षित मुलीची चिडचिड उणी वाटावी, हें स्वाभाविक आहे. आमचें मत किंचित् निराळें आहे. चन्नम्मा हंसतमुख राहूं शकते, याचें एक कारण असें कीं, ती ताजी आहे. तोच प्रश्न तिनें शंभर वेळां ऐकलेला नाहीं. आणि या माणसाचें पूर्वीचें तेज तिनें पाहिलेलें नसल्यानें तें गेल्याचा शोकही तिला नाहीं. इरेची माया तितकीच खरी आहे. फक्त ती थकलेली आहे. हा शीण चित्रपट लपवीत नाहीं, हें त्याचें श्रेय. त्यावरील उतारा मात्र तो दैवयोगावर सोपवितो, हें त्याचें न्यून.

हा प्रश्न विद्वानांच्या घरांपुरता नाहीं. मुंबईच्या उपनगरांतील भांडुपचेंच उदाहरण घ्या. टेंभीपाडा, कोकणनगर अशा वस्त्यांत कोंकणांतून आलेलीं कुटुंबें दाटीनें राहतात. डोंगर-उतारावरील घरांस पायऱ्यांच्या अरुंद गल्ल्या. तेथून लुळ्या माणसास चाकांच्या खुर्चींतून उतरविणेंही दुष्कर. गणपतीस शेजारपाजार गांवीं निघाला म्हणजे ज्या घरांत अर्धांगवायूनें पडलेले आजोबा किंवा आपल्या बळावर उठूं न शकणारा तरुण मुलगा आहे, तेथें एकानें मागें राहावयाचें, हें न बोलतां ठरलेलें असतें. आणि तें माणूस बहुधा बाई असतें. तिला आठ दिवस मोकळे मिळावेत म्हणून रुग्णास तेवढ्यापुरतें विश्वासाच्या ठिकाणीं ठेवावें, असें कोणी सुचविलें, तर ‘आश्रमांत टाकलें’ हाच शब्द कानीं येतो. ठेवणें आणि टाकणें यांतील भेद आमच्या बोलण्यांत अजून रुजलेला नाहीं.

कायद्याची दृष्टिही नाटकांहून फार निराळी नाहीं. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यानें मुलांवर निर्वाहाची जबाबदारी घातली, टाकून देणारास शिक्षा सांगितली. सेवा करणाराच्या विश्रांतीविषयीं त्यांत शब्द नाहीं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानें कुटुंबावरील संकटकाळीं संस्थांमार्फत साहाय्य देण्याचा हेतु नमूद केला, व पुढें ‘समर्थ’ योजनेंतून तात्पुरत्या निवाऱ्याची सोय योजिली. परंतु ती स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व व बहुविकलांगता या चार अवस्थांसाठीं. अर्धांगवायूचे आजोबा तींत बसत नाहींत. जर्मनीनें १९९५ मध्यें सुरू केलेल्या शुश्रूषा-विम्यांत मात्र घरीं सेवा करणाराच्या सुट्टीचाही विचार केला आहे.

कायदे लोकांच्या कल्पनेमागून चालतात, आणि ती कल्पना घडविण्यांत नाटक-चित्रपटांचा वांटा मोठा असतो. ‘अस्तु’ आमच्या वाचकांनीं सहकुटुंब अवश्य पाहावा. आणि चन्नम्मेचें कौतुक करण्यापूर्वीं आपल्या घरांतील इरेला शेवटची सुट्टी कधीं मिळाली होती, तें तिलाच विचारावें.