तिसरा स्क्रू आणि दोषारोप

मागच्या व्याख्यानात 'कारण' या शब्दावर बोलताना मी जाता जाता गिटारच्या नेकचा उल्लेख केला. त्यावरच सगळ्यात जास्त प्रश्न आले. (हशा) तर आज तेवढंच घेऊ.

माझ्या नातवाकडे सत्तरच्या दशकातल्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरची नक्कल असलेली जुनी गिटार आहे. नेक बाजूला सरकायचा, सगळ्यात बारीक तार फिंगरबोर्डच्या कडेवरून घसरायची. एका कारागिरानं निकाल दिला : "तीन स्क्रूवाला नेक हलणारच. ग्लू लावून कायमचा बसवू." हा निकाल जगभर ऐकू येतो. मला तो घाईचा वाटतो.

लिओ फेंडर यांनी १९५० साली नेक चार स्क्रूंनी बॉडीला जोडला. हेतू सरळ होता. नेक बिघडला तर काढावा, दुसरा बसवावा. सुरुवातीच्या काही गिटारींत ट्रस रॉड नव्हता, नेक वाकू लागले, मग पोलादी सळई आत घालावी लागली. १९६५ मध्ये कंपनी सीबीएसकडे गेली आणि १९७१ मध्ये स्ट्रॅटोकास्टरला तीन स्क्रू आले. लोक म्हणतात, मालकांनी एका स्क्रूचे पैसे वाचवले. पण त्याबरोबर मागच्या पत्र्यातून अॅलन कीनं नेकचा कोन बदलायची सोयही आली होती. ती कल्पना खुद्द लिओंची, आणि पुढे म्युझिक मॅनच्या वाद्यांतही त्यांनी तीच वापरली. मग खलनायक कोण?

आता बघा, तिवई कधी डगमगत नाही, चौरंग डगमगतो. तीन बिंदू पुरतात. मात्र तारांचा एकूण ताण साधारण पंचेचाळीस किलोचा असतो, आणि नेक आडवा सरकू नये हे काम स्क्रूपेक्षा बॉडीतल्या खाचेच्या भिंती करतात. खाच सैल कापली की तिसरा स्क्रू नुसती खुंटी होतो, नेक तिच्याभोवती फिरतो. चार स्क्रू हा सैलपणा बराचसा पोटात घालतात, तीन घालत नाहीत. माझा आक्षेप इथे आहे : दुसऱ्याच्या अचूकपणावर इतका विसंबणारा आराखडा कारखान्याच्या घाईत टिकत नाही. म्हणून तीन स्क्रू निर्दोष नाहीत, पण मूळ कारणही नाहीत. नैयायिक त्यांना सहकारी कारण म्हणतील.

आम्ही ग्लू नाकारला. नेक काढला. मेपलमधली झिजलेली भोकं कठीण लाकडाच्या खुंट्या चिकटवून बुजवली आणि नव्यानं पाडली. खाचेच्या बाजूला व्हिनियरची पातळ पट्टी बसवली. कोनाचा स्क्रू मागे घेतला, कारण तो नेकची टाच उचलून धरतो आणि लाकडाला लाकूड टेकत नाही. कोन हवा होता तेवढा, खाचेच्या पूर्ण रुंदीची लाकडी पाचर घालून मिळवला. तारा चढवल्यावर स्क्रू पाव फेरा सैल केले, ताणानं टाच खाचेत नीट ओढली गेली, मग पुन्हा आवळले.

नेक वाकणं हा वेगळा आजार, त्याची गल्लत करू नका. पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून सातव्या-आठव्या फ्रेटजवळ तारेखालची फट बघा. पाव मिलिमीटरच्या आसपास हवी. ट्रस रॉड एका वेळी पाव फेराच फिरवायचा.

नातू विचारतो, "आजोबा, नेक बदलला असता तर गिटार तीच राहिली असती का?" ते पुढच्या गुरुवारी.