नाव कायमचे असावे, किल्ली कशाला?

दारावरची पाटी आणि कुलपाची किल्ली या दोन वेगळ्या वस्तू आहेत. किल्ली हरवली तर आपण कुलूप बदलतो. पाटी तीच राहते. संगणकावरच्या खात्यांतही वापरकर्त्याचे नाव ही पाटी आणि पासवर्ड ही किल्ली. एकाच कंपनीच्या ताब्यात नसलेल्या, म्हणजेच विकेंद्रित, संदेशव्यवस्थांत मात्र या दोहोंचे नाते नव्याने जुळवावे लागते, आणि तेथे काही रचनाकारांची चांगलीच गल्लत झाली आहे.

१९९९ साली जेरेमी मिलर यांनी जाहीर केलेली जॅबर (पुढे हिचेच नाव एक्सएमपीपी झाले) आणि २०१४ साली सुरू झालेली मॅट्रिक्स, या दोन्हींत पत्ता ई-मेलसारखा असतो: आधी व्यक्तीचे नाव, मग सर्व्हरचे. सर्व्हर कोणीही चालवावा. पासवर्ड बदलता येतो, कारण तो आपण आणि सर्व्हर यांच्यातलाच मामला असतो. मॅट्रिक्समध्ये खाते उघडताना घेतलेले नाव मात्र बदलता येत नाही. पडद्यावर दिसणारे टोपणनाव तेवढे बदलते. कॉलेजात गमतीने घेतलेले नाव नोकरी लागल्यावरही चिकटून राहते. बरे, ते टिकेल म्हणावे, तर सर्व्हर कायमचा बंद पडला की पत्ताही गेला!

हा दोष घालवण्यासाठी २०२० साली आलेल्या नोस्टर या व्यवस्थेने नावाचा सर्व्हरशी असलेला संबंधच तोडला. येथे २५६ बिटांची एक यादृच्छिक संख्या निवडायची. ही गुप्त किल्ली. तिच्यावरून ठरावीक गणिताने दुसरी संख्या काढायची. हेच आपले जाहीर नाव. हे गणित एकमार्गी आहे. वर्गात एका गटाला ८९ गुणिले ९७ करायला सांगा आणि दुसऱ्या गटाला ८६३३ चे अवयव पाडायला सांगा. नोस्टरचे गणित वेगळे असले, तरी जाणे सोपे आणि परतणे अवघड म्हणजे काय, हे मुलांच्या ध्यानात येते. अंदाजाने किल्ली शोधू म्हटले, तर शक्य किल्ल्यांची संख्या ७८ अंकी आहे.

रचना देखणी आहे, यात वाद नाही. प्रत्येक संदेशावर किल्लीने सही होते आणि जाहीर नावावरून ती कोणालाही तपासता येते. पण नाव किल्लीतूनच निघत असल्यामुळे किल्ली बदलली की नावही बदलते. म्हणजे पासवर्ड बदलण्याची सोय द्यायची राहून गेली असे नव्हे. मूळ रचनेत ती बसतच नाही. किल्ली हरवली तर ते नाव पुन्हा वापरता येत नाही. चोरीला गेली तर चोराची सही आणि मालकाची सही सारखीच खरी ठरते. गणिताला माणूस ओळखता येत नाही. यावर समर्थकांचे उत्तर ठरलेले: किल्ली जपून ठेवा. पण फोन पाण्यात पडतात, चिठ्ठ्या रद्दीत जातात. अशी चूक कधीच होणार नाही असे धरून बांधलेली व्यवस्था फार तर जाणकारांच्या कामाची.

झूको विलकॉक्स यांनी २००१ साली नावाचे तीन गुण मांडले होते: ते माणसाच्या लक्षात राहावे, तोतयाला घेता येऊ नये आणि त्यासाठी मध्यवर्ती सत्ता लागू नये. तिन्ही एकदम साधत नाहीत, असे त्यांचे म्हणणे. नोस्टरने पहिला गुण सोडला. तेथले नाव ६३ अक्षरांचे असते. ही तडजोड समजू शकते. किल्ली बदलता यावी, हा गुण मात्र त्या त्रिकोणात नाही, आणि बहुधा म्हणूनच तो दुर्लक्षिला गेला.

तो साधणे अशक्य नाही. ब्लूस्काय या व्यवस्थेत खात्याचा क्रमांक कायम असतो, किल्ल्या बदलता येतात आणि वाचायचे नावही बदलता येते. चोराने किल्ली बदलली, तर वरच्या दर्जाची किल्ली असणाऱ्याला ७२ तासांत ते रद्द करता येते. पण हे बदल टिपायला एक सामाईक नोंदवही लागते, आणि ती सुरू केली त्याच कंपनीने. शिवाय सामान्य वापरकर्त्याच्या या किल्ल्या बहुतेक वेळा सर्व्हरच सांभाळतो.