नभोवाणीच्या पदरचे गायक-वादक

राजेरजवाड्यांच्या पदरीं गवई असत, ही गोष्ट आमच्या वाचकांस नवी नाहीं. उस्ताद फैयाजखां हे बडोद्याच्या दरबारचे गायक होते, आणि त्यांच्या गायनाचा आनंद ज्यांनीं घेतला त्यांनीं त्याचें थोडें श्रेय त्या दरबारासही दिलें पाहिजे. परंतु जी नभोवाणी घरोघरच्या लोकांनीं भरलेल्या पैशावर चालते तिनें आपल्या पदरीं वाद्यवृंद आणि गायकवृंद कां बाळगावे, हा प्रश्न निराळा आहे. राजाला जाब विचारणारा कोणी नव्हता. नभोवाणीला तो प्रत्येक वर्गणीदार विचारूं शकतो. इंग्लंडांत हा प्रश्न २०२३ सालच्या मार्च महिन्यांत ऐरणीवर आला. त्या वादांत दोन्ही पक्षांनीं जें सांगितलें त्यापेक्षां जें सांगावयाचें राहिलें तेंच आम्हांस अधिक महत्त्वाचें वाटतें.

प्रथम थोडा पूर्ववृत्तांत. बी. बी. सी. ही संस्था १९२२ सालीं निघाली आणि दोनच वर्षांनीं, म्हणजे १९२४ सालीं, तिचा वेतनी गायकवृंद उभा राहिला. १९२७ मध्यें सर हेन्री वुड यांच्या सुप्रसिद्ध उन्हाळी जलशांची जबाबदारी तिनें पत्करली. १९३० मध्यें एड्रियन बोल्ट यांच्या नेतृत्वाखालीं मोठा सिंफनी वाद्यवृंद स्थापन केला. त्या काळीं लंडनच्या वाद्यवृंदांत एक खोड मुरलेली होती. अधिक बिदागीचें दुसरें काम मिळालें कीं वादक आपल्या जागीं बदली माणूस पाठवी; त्यामुळें तालमीस एक आणि प्रयोगास दुसरा असा प्रकार घडे. पूर्ण वेळच्या वेतनानें ही खोड मोडली. तेच वादक तेथेंच, रोज एकत्र बसूं लागले. आणि वृंदसंगीताचें सारें मर्म ह्या ‘रोज एकत्र’ बसण्यांत आहे. पुढें ही योजना लंडनबाहेरही पसरली आणि कार्डिफ, ग्लासगो व मँचेस्टर-सॅल्फर्ड येथील वृंद धरून संस्थेच्या पदरीं पांच वाद्यवृंद आणि एक गायकवृंद झाले.

७ मार्च २०२३ रोजीं संस्थेनें जाहीर केलें कीं सुमारें वीस जणांचा हा गायकवृंद बंद करण्यांत येईल आणि इंग्लंडांतील तीन वाद्यवृंदांच्या वेतनी जागा वीस टक्क्यांनीं कमी होतील. कारण पैशाचें होतें. परवान्याची वार्षिक वर्गणी १५९ पौंडांवर दोन वर्षें गोठविण्यांत आली होती आणि महागाई वाढत होती. ह्या निर्णयाविरुद्ध सातशेंहून अधिक रचनाकारांनीं पत्र लिहिलें. दीड लाखाहून अधिक लोकांनीं निषेधाच्या अर्जावर सह्या केल्या. आणि २४ मार्च रोजीं गायकवृंदाविषयींचा निर्णय स्थगित झाला. २०२४ सालीं त्या वृंदानें आपली शंभरी पाहिली. प्रकरण येथें मिटलें असें कोणी म्हणेल. परंतु प्रश्न मिटलेला नाहीं. जेथें जेथें नभोवाणीचा खर्च आटूं लागतो तेथें तेथें कात्री प्रथम वृंदांकडेच वळते. डेन्मार्कच्या नभोवाणीनें २०१४ सालीं आपला एक वाद्यवृंद मोडलाच.

आतां उभय पक्षांच्या युक्तिवादांकडे वळूं. संस्थेनें आपल्या नव्या धोरणाची तीन सूत्रें सांगितलीं. गुणवत्ता, चपळता आणि प्रभाव. पहिल्या आणि तिसऱ्या सूत्राशीं कोणाचें भांडण असणार? परंतु ‘चपळता’ हा शब्द आम्हांस खटकतो. व्यापारी पेढीला चपळता शोभते. बाजार फिरला कीं तिनें माल फिरवावा. गायकवृंदाचा गुण याच्या अगदीं उलट आहे. वीस भिन्न कंठांतून एक स्वर निघावा यासाठीं एकमेकांचा श्वास ओळखीचा व्हावा लागतो, आणि ती ओळख वर्षानुवर्षांच्या सहवासानेंच होते. वटवृक्षानें चपळ व्हावें अशी अपेक्षा कोणी करीत नाहीं. तो तोडण्यास एक दिवस पुरतो आणि वाढविण्यास एक पिढी लागते, एवढें ज्यास कळलें त्यानें हा शब्द येथें वापरला नसता.

परंतु वृंदाच्या कैवाऱ्यांचा युक्तिवादही आम्हांस पुरेसा वाटला नाहीं. हा वृंद जगांतील उत्तम वृंदांपैकीं एक आहे, म्हणून तो राखावा, असें त्यांतील पुष्कळांचें म्हणणें होतें. हें खरें मानलें तरी त्यावरून निष्कर्ष निघत नाहीं. उत्तम गाणारे वृंद इतरत्रही आहेत; त्यांना बिदागी देऊन बोलावितां येईल. लोकांच्या पैशानें वृंद पोसावयाचा तर जें काम दुसरा कोणी करणार नाहीं तें तो करतो, असें दाखवितां आलें पाहिजे. आमच्या मतें खरी कसोटी हीच होय. आणि ह्या कसोटीस हे वृंद उतरतात, हें त्यांचा इतिहास सांगतो.

१९३४ सालच्या फेब्रुवारींत बेंजामिन ब्रिटन नांवाच्या वीस वर्षांच्या तरुणाची एक दीर्घ समूहरचना ह्या नभोवाणीच्या गायकांनीं प्रथम गायिली. तिकिटविक्रीवर जगणाऱ्या कोणत्या मंडळीनें त्या अप्रसिद्ध मुलासाठीं तालमींचा खर्च सोसला असता? त्याच सालच्या मार्चमध्यें बोल्ट यांनीं आल्बान बेर्ग यांचा ‘वोत्सेक’ हा अतिशय अवघड संगीतनाट्यप्रबंध लंडनमध्यें सादर केला. त्या वेळीं जर्मनींत नाझी सत्तेखालीं ह्या संगीताला दारें बंद झालीं होतीं. फ्रान्सिस पुलांक यांनीं शत्रुव्याप्त फ्रान्समध्यें १९४३ सालीं बारा स्वतंत्र आवाजांसाठीं एक वाद्यविरहित समूहरचना केली. कवि एल्युआर यांच्या त्या कवितांचा शेवट स्वातंत्र्याच्या उच्चारांत होतो. तें संगीत प्रथम ऐकूं आलें तें १९४५ सालच्या मार्चमध्यें, लंडनमध्यें, बी. बी. सी.च्या गायकांच्या मुखांतून. हे तीनही प्रसंग तोट्याचे होते; आणि ह्या तोट्यासाठींच नभोवाणीला वर्गणी द्यावयाची असते, असें आम्ही म्हणतों.

यावर दोन आक्षेप संभवतात आणि दोन्ही विचार करण्यासारखे आहेत. पहिला असा कीं मूठभर रसिकांच्या आवडीसाठीं सर्वांनीं पैसा कां द्यावा? १९५९ ते १९७२ या काळांत विल्यम ग्लॉक हे तेथील संगीतविभागाचे प्रमुख असतां हा आरोप फार झाला. नव्या संगीताच्या हौसेपायीं ते सामान्य श्रोत्यास विसरले असें म्हटलें गेलें. ह्या आरोपांत तथ्य अजिबात नाहीं असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु आजचा सर्वमान्य रचनाकार काल मूठभरांचाच होता, हें ब्रिटनच्या उदाहरणावरून दिसतेंच. दुसरा आक्षेप असा कीं महिन्याच्या महिन्याला पगार मिळूं लागला कीं कलावंताचा कारकून होतो. हा धोका खराच आहे. यावर उपाय वृंद मोडणें हा नव्हे. त्याच्याकडून त्याचें खरें काम मागणें हा होय. जो वृंद वर्षामागून वर्षें ठराविक आणि लोकप्रिय तेंच वाजवीत बसेल त्याची तरफदारी आम्हीही करणार नाहीं.

आपल्याकडे हा प्रश्न परका वाटूं नये. मध्य युरोपांतून आश्रयार्थ आलेले वाल्टर कौफमान हे १९३७ पासून १९४६ पर्यंत मुंबईच्या नभोवाणी केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख होते. आकाशवाणीची जी प्रातःकालीन सूचक धून घरोघरीं ओळखीची झाली ती त्यांच्याच नांवावर सांगितली जाते. १९५२ सालीं दिल्लीस आकाशवाणीचा वाद्यवृंद स्थापन झाला आणि त्याची धुरा पंडित रविशंकर यांनीं वाहिली. पुढें १९५६ मध्यें बांसरीवादक पन्नालाल घोष त्या कामावर आले. आपलें संगीत मुख्यतः एकट्या गायकाचें, उपजेचें. तें अनेकांनीं मिळून कसें वाजवावें हा प्रश्न बिकट होता आणि त्याचें उत्तर बाजारांत मिळण्यासारखें नव्हतें. ते प्रयोग कितपत सफल झाले याविषयीं मतभेद होतील. परंतु ते करण्यास जागा मिळाली ती नभोवाणीच्या आश्रयामुळेंच.

ध्वनिमुद्रित संगीत हवें तेव्हां, हवें तितकें मिळूं लागल्यापासून असा समज पसरत आहे कीं नभोवाणीला गायक-वादकांची गरजच उरली नाहीं. कोठारांत धान्य भरलेलें आहे, मग शेत कशाला, असाच हा प्रश्न आहे. कोठारांतलें धान्य कोणी तरी पिकविलेलें असतें, आणि पेरणी थांबली तर कोठार किती दिवस पुरणार, याचा हिशेब प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक असतो. इंग्लंडांतील वीस गायकांचा प्रश्न तूर्त सुटला, याचा आम्हांस आनंद आहे. पुढच्या वेळीं जेव्हां तो निघेल, मग तो तेथें निघो कीं येथें, तेव्हां त्यांनीं किती श्रोते मिळविले एवढेंच न विचारतां, त्यांच्यावांचून काय ऐकावयाचें राहून गेलें असतें, हेंही विचारलें जावें, इतकीच आमची अपेक्षा आहे.