डीएस-१६०: एक वाचन

अमेरिकेतल्या मराठी माणसांनी सर्वांत जास्त वेळा वाचलेला मजकूर कुठला, असं कोणी विचारलं तर तुम्ही पुलंचं नाव घ्याल. माझ्या मते तो मान डीएस-१६० नावाच्या अर्जाचा आहे. स्वतःसाठी एकदा, नवऱ्यासाठी किंवा बायकोसाठी एकदा, आणि आईवडिलांसाठी हमखास एकदा, असा तो आपण शेवटच्या पानापर्यंत वाचलेला असतो. आपल्याकडे एखाद्या बेताच्या कवितासंग्रहावरही दोन परीक्षणं येतात. या मजकुराबद्दल मात्र आपण एकमेकांना फक्त टिपा देतो: फोटोत चष्मा नको, फाइलमध्ये सातबारा ठेवा, विचारलं तेवढंच बोला. तो मजकूर म्हणतोय काय, हे बोलायचं राहूनच जातं.

मी समीक्षक नाही. पॉलिमरच्या प्रयोगशाळेत पोस्टडॉक करते. या सप्टेंबरमध्ये आईचा अर्ज भरायला बसले तेव्हा इथे रात्रीचे साडेनऊ आणि पुण्यात सकाळचे सात वाजले होते. आई व्हिडिओ कॉलवर होती. अर्ज असा आहे, की वीस मिनिटं काही केलं नाही तर पान बंद पडतं. आईचा पासपोर्ट कपाटाच्या लॉकरमध्ये, लॉकरची किल्ली देवघराच्या खणात, आणि गॅसवर दूध. पहिलं पान आम्ही तीनदा उघडलं.

सुरुवात नावाने होते. आडनाव आणि दिलेलं नाव, असे दोन रकाने. लगेच पुढचा प्रश्न: तुम्ही याखेरीज दुसरं नाव कधी वापरलं आहे का? कंसात उदाहरणं आहेत. माहेरचं, धार्मिक, व्यावसायिक, आणि मग 'अलायस'. हा शेवटचा शब्द आपल्याकडे पोलिसांच्या कागदांत भेटतो, 'ऊर्फ' म्हणून. आईच्या लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं होतं. आडनाव बदललं, मधलं नाव बदललं आणि पहिलंही बदललं. दहावीच्या सर्टिफिकेटवर एक बाई आणि पासपोर्टवर दुसरी. तिला विचारलं तर म्हणाली, "वापरलं म्हणजे काय? ते माझं नावच होतं." अर्जाला याच्याशी कर्तव्य नाही. एका बाजूला जन्माचं नाव आणि दुसऱ्या बाजूला ऊर्फ, यांत तो फरक करत नाही. दोन्ही एकाच प्रश्नाच्या पोटात.

जन्मतारखेचंही तसंच. पासपोर्टवर १ जून १९६० आहे. आपल्यातल्या किती जणांच्या आईवडिलांचा वाढदिवस १ जूनला येतो, हे वेगळं सांगायला नको. मास्तरांनी शाळेत घालताना तीच तारीख लिहायची, वर्षही सोयीने घ्यायचं. आमच्या घरात आईचं वय वेगळ्या मापाने मोजतात: १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा ती पाळण्यात होती. मी अर्थातच १ जून १९६० लिहिलं. पासपोर्टवर जे छापलं आहे ते खरं. मास्तरांच्या लेखणीवर भारत सरकारचा शिक्का बसला आणि आता अमेरिकेचाही बसेल.

मग 'टेलिकोड' आला. आईला वाटलं, एसटीडी कोड. खरं तर चिनी अक्षरं तारेने पाठवण्यासाठी प्रत्येक अक्षराला चार आकडे दिले होते, त्याबद्दलचा तो प्रश्न आहे. तारयंत्रं गेली, प्रश्न राहिला. या अर्जाची ही एक खोडच आहे. त्यात एकदा शिरलेलं काही बाहेर पडत नाही, जुन्या वाड्याच्या माळ्यासारखं. 'तुम्ही एखाद्या क्लॅनचे किंवा ट्राइबचे आहात का?' हा प्रश्न ११ सप्टेंबर २००१ नंतर काही पुरुष अर्जदारांसाठी आणलेल्या पुरवणी अर्जात होता. स्फोटकं, अण्वस्त्रं किंवा जैविक तंत्राचं प्रशिक्षण घेतलं आहे का, हा प्रश्नही त्यातलाच. पुढे पुरवणी गेली आणि प्रश्न सगळ्यांच्याच अर्जात आले. आईने विचारलं, "कूळ विचारतायत का? कुलदैवत सांगू?" मी 'नो' वर टिचकी मारली. मनात आलं, दोन माणसं भेटल्यावर तिसऱ्या वाक्याला आडनाव आणि चौथ्याला गाव विचारणाऱ्या समाजातून आपण आलो, तेव्हा या प्रश्नावर हसायचा आपला हक्क जरा कमीच.

सुरक्षेची पानं तुम्हाला आठवत असतील, कारण सगळे त्यांवरच विनोद करतात. तुम्ही वंशसंहारात भाग घेतला आहे का? बालसैनिक भरती केले आहेत का? वेश्याव्यवसायासाठी अमेरिकेत येत आहात का, किंवा गेल्या दहा वर्षांत तो केला आहे का? 'हो' कोण लिहील, म्हणून आपण हसतो. पण हे प्रश्न उत्तर मिळावं म्हणून विचारलेले नाहीत. प्रवेश नाकारण्याची जी कारणं कायद्यात आहेत त्यांतली बहुतेक इथे ओळीने मांडली आहेत, आणि प्रत्येकापुढे तुमचा नकार घेऊन ठेवला आहे. उद्या काही निघालं तर गुन्हा सिद्ध करत बसायला नको, खोटं बोललात एवढं पुरतं. आजचा 'नो' हा उद्याच्या खटल्याचा कागद असतो.

तर हा कागद कोणाचा? आता जरा खरं सांगा. आईला वेश्याव्यवसायाबद्दलचा प्रश्न तुम्ही वाचून दाखवला होता का? मी नाही दाखवला. ती पानं मी भराभर 'नो', 'नो' करत एकटीनेच संपवली आणि तिला म्हटलं, "हे असंच असतं गं, सगळ्यांना." अर्ज इंग्रजीत. उत्तरंही इंग्रजीतच द्यायची. शेवटी प्रतिज्ञा, की मी सर्व प्रश्न वाचले आणि समजून उत्तरं दिली. हा अर्ज भरायला कोणी मदत केली का, असा एक प्रश्न आहे. तिथे मी 'येस' लिहिलं आणि माझं नाव घातलं. संबंध अर्जात मला मनापासून खरं वाटलेलं तेवढं एकच उत्तर. माझ्या इंग्रजीत दिलेली तिची साक्ष, आणि चुकली तर शिक्षा तिला.

पण या मजकुराचा मोठा दोष हा नव्हे. त्याला विचारायचा असलेला खरा प्रश्न एकच आहे आणि तो अर्जात कुठेच नाही. १९५२ च्या इमिग्रेशन अँड नॅशनॅलिटी ॲक्टचं कलम २१४(बी) सांगतं, की व्हिसा मागायला आलेला प्रत्येक जण कायमचा राहायलाच निघाला आहे असं गृहीत धरायचं. तसं नाही हे त्याने अधिकाऱ्याला पटवायचं. एच-१बी आणि एल व्हिसावाल्यांना यातून सूट आहे. म्हणजे ज्याच्या पाठीशी कंपनी आहे त्याला सूट, आणि आईला नाही. आता याच कलमाच्या उजेडात अर्ज पुन्हा वाचा. अमेरिकेत जवळचे नातेवाईक आहेत का? आहे, मुलगी. तिचं इथलं स्टेटस काय? प्रवासाचा खर्च कोण करणार? मुलगी. राहणार कुठे? मुलीकडे. प्रवासाचं कारण जितकं खरं लिहावं तितका संशय पक्का होत जातो. जिची मुलगी इथे नाही ती बाई कशाला येईल? आणि जिची आहे तिच्या येण्याचं जे कारण, तेच ती परत जाणार नाही याचाही पुरावा.

आणि परत जाण्याची कारणं? त्यांना रकाना नाही. व्यवसायाच्या यादीत 'होममेकर' निवडलं की नोकरीचे पुढचे रकाने दिसेनासेच होतात. काय काम करता ते थोडक्यात लिहा, हेही कोणी विचारत नाही. आईची भिशी, सोसायटीच्या गच्चीवरच्या तिच्या कुंड्या, कामाला येणाऱ्या मावशींच्या नातीला ती रोज संध्याकाळी शिकवते ते गणित, हे सगळं कुठे लिहायचं? आपण सगळे जाणतो, की गाडीशिवाय कुठे जाता येत नाही अशा उपनगरात सहाव्या आठवड्याला आया म्हणायला लागतात, "आता मला सोड बाई." या वाक्याइतका भक्कम पुरावा दुसरा नाही. पण मुलाखतीला आपण त्यांच्याबरोबर पाठवतो ती घराची कागदपत्रं, फिक्स्ड डिपॉझिटच्या पावत्या आणि बाबांच्या पेन्शनचं पासबुक.

कोणी म्हणेल, देशाने विचारूच नये का? विचारावं. मुदतीनंतर राहून जाणारी माणसं असतात, हे खोटं नाही, आणि आपल्यांतही आहेत. माझी तक्रार विचारण्याबद्दल नाही. सरळ विचारा, की बाई, तुम्ही परत जाणार का आणि का जाणार? उत्तराला दहा ओळी द्या आणि ते मराठीत लिहू द्या. आईने दहा ओळींत तुम्हाला पटवलं असतं.

याच गृहीतकाची दुसरी बाजू मी स्वतः अनुभवली आहे. पीएचडीचं सहावं वर्ष होतं. पासपोर्टवरचा पाच वर्षांचा शिक्का संपलेला होता. इथे राहणं कायदेशीर होतं, पण बाहेर पडले तर परत यायला नवा शिक्का हवा, त्यासाठी नवी मुलाखत, आणि पुन्हा तेच पटवणं. त्या काळात मुलाखतीच्या तारखा कित्येक महिन्यांनंतरच्या मिळत होत्या. शिवाय विज्ञानातल्या लोकांचे अर्ज कधीकधी २२१(जी) खाली जादा तपासणीला जातात, त्याला किती आठवडे लागतील ते कोणी सांगत नाही. त्याच दिवसांत आजी गेली. मला कोणी अडवलं नाही. कोणी 'जाऊ नको' म्हटलं नाही. मी रात्री बसून हिशेब केला आणि गेले नाही. दहाव्याचे विधी फोनवर पाहिले, तेही कोणीतरी फोन उलटा धरला होता. नंतर वाचलं, की २००४ पर्यंत काही प्रकारच्या व्हिसांचं नूतनीकरण देशाबाहेर न जाताही होत असे, आणि २०२४ मध्ये काही एच-१बी धारकांसाठी सरकारने वीस हजार अर्जांपुरता तसा प्रयोग पुन्हा करून पाहिला. म्हणजे तुम्ही देशाबाहेर जाऊन, रांगेत उभं राहून परत यावं, ही काही निसर्गाची अट नव्हती.

एकट्या अमेरिकेला नावं ठेवून थांबणं सोपं झालं असतं. पण गेल्या वर्षी प्रयोगशाळेतल्या शेजारच्या बाकावरच्या सहकाऱ्याला भारतात परिषदेला यायचं होतं, आणि त्याच्या शेजारी बसून मी आपल्या सरकारचा व्हिसा अर्ज पहिल्यांदा नीट वाचला. धर्म कोणता? शरीरावर ओळखीची खूण? गेल्या तीन वर्षांत सार्क देशांत गेला होतात का? आणि मग: तुमचे आईवडील किंवा आजी-आजोबा पाकिस्तानचे नागरिक होते का? तो इंग्लंडमध्ये जन्मलेला, आजोबा लाहोरचे. ज्यांचे आईवडील किंवा आजी-आजोबा पाकिस्तानात जन्मले, त्यांना ई-व्हिसाचं दार बंद असतं. त्यांनी कागदी अर्ज करायचा. आजोबा जन्मले तेव्हा पाकिस्तान नव्हतंच, हे लिहायला रकाना नाही. फाळणीपूर्वी कराचीत मराठी माणसांचीही बऱ्यापैकी वस्ती होती, त्यांच्या नातवंडांनी या प्रश्नापुढे काय लिहायचं असतं कोण जाणे. त्याने मला विचारलं, "हे असंच असतं का?" मी म्हटलं, "असंच असतं, सगळ्यांना." आईला दिलेलंच उत्तर. फरक इतकाच, की यावेळी ते खरं नव्हतं आणि ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

एक टीका आपल्यावरही करायची आहे. मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या रांगेत ऐका. कोणाचा अर्ज कुठे अडकला हे सांगताना आवाजात दुःख असतं, पण स्वतःचा कसा सुटला हे सांगताना जो सूर लागतो तो वेगळाच. आमच्या फाइलला इंडेक्स होता. आम्ही सगळं कायद्याने केलं. होय, केलं, आणि कष्ट पडले. पण त्या कष्टांचं आपण हळूहळू सोवळं करून टाकलं आहे. ज्याच्याकडे फाइल नाही, ज्याची मुदत संपली, जो दुसऱ्या वाटेने आला, त्याच्याबद्दल आपण जे बोलतो ते २१४(बी) चंच मराठी भाषांतर असतं: गृहीत धरा, की हा वाईटच. ज्या अर्जाने आपल्या आईवर संशय घेतला, त्याची भाषा आपण इतकी घोटून पाठ केली, की ती आता आपलीच वाटते. मीही वर आईबद्दल लिहिताना किती तत्परतेने सांगितलं पाहा, की ती नक्की परत जाईल. नसती जाणार, तर?

हा मजकूर भरताना सगळं इंग्रजी लिपीतच लिहावं लागतं, एका जागेचा अपवाद सोडून. सुरुवातीलाच, आडनाव आणि नावाच्या खाली एक रकाना आहे: तुमचं पूर्ण नाव तुमच्या लिपीत. घाईत मी तिथे 'लागू नाही' वर खूण करून पुढे गेले होते. बरेच जण तसंच करतात. रात्री साडेअकराला, अर्ज पाठवायच्या आधी, परत मागे गेले. कीबोर्ड बदलला आणि आईचं पासपोर्टवरचं नाव देवनागरीत लिहिलं. स्क्रीन फोनसमोर धरली.

आईने चष्मा लावला, फोन जवळ घेतला आणि म्हणाली, "दुसरी वेलांटी, गं. पहिली नाही."