अस्सीची शिवी आणि भिक्षूचे मौन

काशीनाथ सिंह यांच्या 'काशी का अस्सी' या हिंदी कृतीची चर्चा बहुधा तिच्यातील शिव्यांपाशी सुरू होते आणि दुर्दैवाने तिथेच संपते. वाराणसीच्या दक्षिण टोकाचा अस्सी मोहल्ला, तिथले पप्पूचे चहाचे दुकान, मंडल आणि मंदिर यांनी ढवळून निघालेला १९९०च्या आसपासचा काळ, आणि खऱ्या नावांनिशी वावरणारी माणसे यांतून हे लेखन उभे राहते. त्याला कादंबरी म्हणावे की संस्मरण, हा वाद येथे गौण आहे. काँग्रेसवाला, भाजपवाला आणि कम्युनिस्ट एकाच बाकावर बसून एकमेकांची आई-बहीण काढतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच बाकावर येतात, ही वस्तुस्थिती अधिक महत्त्वाची. येथे शिवी हे सलगीचे चलन आहे. ज्याला शिवी मिळत नाही तो अस्सीवर उपराच राहतो.

तथापि हे चलन सर्वांच्या हाती नसते. त्या बाकावर बसणारे सगळे पुरुष आहेत, आणि त्यांच्या शिव्यांचा विषय मात्र जवळजवळ नेहमी स्त्रीदेह आहे. जिच्या नावाने हशा पिकतो तिला त्या हशात जागा नाही. हे लेखन केवळ प्रौढांसाठी आहे असे लेखक आरंभीच बजावतो खरा. पण प्रश्न वयाचा नसून उत्तर देण्याच्या अधिकाराचा आहे. पांडित्याचा अभिमान बाळगणाऱ्या धर्मनाथ शास्त्र्यांच्या प्रकरणात मात्र सिंह यांचा विनोद निराळ्या पातळीवर जातो. परदेशी भाडेकरणीच्या सोयीसाठी घरातल्या महादेवालाच जागा सोडावी लागते. वाचक हसतो, पण शास्त्र्यांना तुच्छ लेखू शकत नाही, कारण त्या घराची विपन्नता लेखकाने हशाआड दडू दिलेली नाही. अस्सीच्या साऱ्या आरडाओरडीपेक्षा या प्रकरणातली करुणा अधिक टिकाऊ आहे.

मराठी वाचकाला या ठिकाणी एकनाथांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. 'एकनाथी भागवत' याच वाराणसीत शके १४९५ मध्ये, म्हणजे इ.स. १५७३ साली, पूर्ण झाले. त्याच्या तेविसाव्या अध्यायात भिक्षुगीत येते. अवंतीचा एक कृपण ब्राह्मण धन गमावतो, विरक्त होऊन भिक्षू बनतो, आणि गाव त्याच्या थट्टेला लागतो. कोणी दंड हिसकावतो, कोणी कमंडलू पळवतो; तो नदीकाठी जेवायला बसला की अन्न विटाळले जाते. मौन धरले तर बोलायला लावतात, आणि बोलला नाही तर मारतात. टवाळांची ही रीत आजच्या कोणत्याही वसतिगृहातल्या नवागताला ओळखीची वाटेल. मराठीत चेष्टा आणि कुचेष्टा असे दोन शब्द आहेत. त्यांतले अंतर या प्रसंगात स्पष्ट दिसते. भिक्षू आपल्या दुःखाचा दोष लोकांना न देता मनाला देतो. आध्यात्मिक दृष्ट्या हे उत्तुंग आहे. पण टवाळांचे काय, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. भिक्षूच्या क्षमेने त्यांचा हशा निष्पाप ठरत नाही.

नाथांच्याच 'हिंदू-तुर्क संवादा'त याच्या अगदी उलट रचना आहे. तुर्क हिंदूंच्या देवांची रेवडी उडवतो, हिंदू त्याची सव्याज परतफेड करतो. दोघांच्याही तोंडी असे काही आहे की आज ते व्यासपीठावरून म्हणण्याचे धाडस फार थोडे जण करतील. परंतु प्रत्येक टोल्याला प्रतिटोला आहे, दोघांनाही एकमेकांचे धर्मग्रंथ थोडेबहुत ठाऊक आहेत, आणि शेवटी ते परस्परांना आलिंगन देतात. हे आलिंगन वरून चिकटवलेले वाटत नाही. मघाच्या भांडणातच त्याची सोय झालेली असते. संशोधकांनी या रचनेकडे धार्मिक समन्वयाच्या दृष्टीने पुष्कळ पाहिले आहे. तिच्यातील उद्धटपणाचे मोल मात्र कमी जोखले गेले. मिठ्ठास बोलणाऱ्या दोन पंडितांना हे आलिंगन साधले असते का, याची शंका येते.

अस्सीची भाषा तिच्या बाकावरून उचलून अन्यत्र नेली की काय होते, हे चंद्रप्रकाश द्विवेदी यांच्या 'मोहल्ला अस्सी' या चित्रपटाच्या वाट्याला आलेल्या इतिहासात दिसते. शंकराचे सोंग घेतलेल्या बहुरूप्याच्या तोंडची शिवी झलकीतून बाहेर आली आणि गहजब झाला. २०१५ साली दिल्लीतील न्यायालयाने प्रदर्शन थांबवले. डिसेंबर २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने वाट मोकळी केली, आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये चित्रपट पडद्यावर आला. पुस्तक मात्र तेच शब्द घेऊन या सर्व काळात ग्रंथालयांच्या फडताळांत होते. पुस्तकाच्या वाचकाला त्या शिवीपर्यंत पोहोचण्याआधी अस्सीवर काही पाने घालवावी लागतात, बोलणाऱ्याचे घर, त्याची गरिबी, त्याची भांग माहीत होते. झलकीच्या प्रेक्षकाला ती शिवी अनोळखी माणसाच्या तोंडून, अवचित, ऐकू आली.