मंडालेची पत्रे आणि १५ पैशांचे कार्ड

मंडाले म्हटले की आपल्याला 'गीतारहस्य' आठवते. १९१०-११ च्या हिवाळ्यात लोकमान्यांनी शिसपेन्सिलीने लिहून काढलेला ग्रंथ. एकांताने केवढे फळ दिले, असे आपले समीक्षक सांगत आले. मला हे कौतुक कधी पचले नाही. त्याच तुरुंगातून भाचे धोंडोपंत विद्वांस यांना गेलेली पत्रे वाचावीत. पुस्तके, प्रकृती, मुलांचे शिक्षण, सगळा संसारच त्यांत आहे. भाषा रुक्ष, अलंकार नावाला नाही. पण जून १९१२ मध्ये सत्यभामाबाई गेल्या, तार मंडालेला पोचली, त्यानंतरचे पत्र पाहा. शेवटच्या वेळी आपण जवळ नव्हतो हा सल सांगून लेखणी मुलांच्या अभ्यासाकडे वळते. मोजकीच पत्रे, तीही आधी परक्या अधिकाऱ्याच्या हातून जायची. तिथे दुःखालाही काटकसर करावी लागते, आणि ती काटकसर हीच या पत्रांची शैली आहे.

'माझी जन्मठेप'मधल्या अंदमानात तर वर्षाला एक पत्र! सावरकरांना घरची माणसे भेटली ती १९१९ साली. या पुस्तकातल्या कोलूवर आपण पुष्कळ लिहिले. त्या वर्षाच्या एका पत्रावर फारसे लिहिले नाही.

अर्थात ही थोरांची पत्रे. घरी लिहितेवाचते माणूस होते, म्हणून ती जपली आणि छापली गेली. बाकीच्यांचे काय?

निपाणीकडे आमच्या गल्लीत विड्या वळणाऱ्या एक मावशी होत्या. १९८० नंतरची गोष्ट. मुलगा मारामारीच्या खटल्यात दूरच्या तुरुंगात. भेटीला जायचे तर एसटीचे भाडे, शिवाय दोन दिवसांची हजारी बुडायची, आणि जाळीपलीकडून बोलणे जेमतेम काही मिनिटे. म्हणून १५ पैशांचे कार्ड. तेही लवकर येत नसे. कैद्याचे पत्र आधी वाचले जाते, आणि तिथे मराठी वाचणारा माणूस भेटेपर्यंत ते पडून राही. शेवटी मुलगा सोबतच्या कैद्याकडून कन्नड लिहायला शिकला. कार्डे वेळेवर येऊ लागली. पण मावशींना कन्नड कुठे वाचता येत होते? "बाळ, बघ रे काय म्हणतोय," म्हणून त्या माझ्याकडे येत. मी शाळेत कन्नड शिकलेला, मराठीत सांगत असे.

मजकूर चार ओळींचा. मी बरा आहे, वकिलाला भेट, पैसे पाठवू नकोस. मावशींचा चेहरा पडे. मग मी पदरच्या एकदोन ओळी घालू लागलो. अनुवादकाने असे करू नये हे आज मी व्याख्यानांतून सांगतो.

आता पुष्कळ तुरुंगांत फोन आहेत. २०२० साली कोविडमुळे भेटी थांबल्या तेव्हा व्हिडिओवरूनही बोलणे सुरू झाले. मिनिटे मोजूनच, पण आईला मुलाचा आवाज मिळतो. कार्डाच्या आठवणीने गहिवरून मी या सोयीला नावे ठेवणार नाही. मावशींना ती मिळती तर माझी गरजच पडली नसती.

कार्डांचा तो गठ्ठा उरला नाही. मुलगा सुटून आल्यावर एकदा मला म्हणाला, "दादा, आई म्हणते मी दर कार्डात दारातल्या आंब्याला मोहोर आला का विचारायचो. मी तर कधीच लिहिलं नव्हतं."