चेंडू सोडणाऱ्यांचे वर्ष

२०२३ चा बास्केटबॉल सुरू झाला तो गुणांच्या पावसाने. जानेवारीत एनबीएमध्ये डोनोव्हन मिचेलने एका सामन्यात ७१ गुण केले, फेब्रुवारीत डेमियन लिलार्डनेही तितकेच. त्याच महिन्यात सॅक्रामेंटो आणि लॉस एंजेलिस क्लिपर्स यांचा सामना दोन जादा डावांनंतर १७६–१७५ असा संपला. नेमबाजी थक्क करणारी होती. पण बचाव इतका सैल पडला की गुणांचे मोलही उतरले. या वर्षाची खरी कमाई सापडते ती चेंडू योग्य क्षणी सोडून देणाऱ्या खेळाडूंत.

जूनमध्ये डेन्व्हर नगेट्सने आपले पहिले विजेतेपद मिळवले ते निकोला योकिचच्या बळावर. सर्बियातल्या सोम्बोरच्या या सेंटरला एनबीएच्या २०१४ च्या खेळाडू-निवडीत (ड्राफ्टमध्ये) ४१ वा क्रमांक मिळाला होता. उंच खेळाडूने रिंगखाली ठाण मांडावे, हा जुना संकेत. योकिच मात्र फ्री थ्रो रेषेजवळ चेंडू धरून थांबतो, सहकारी त्याच्या अंगावरून रिंगकडे धावतात आणि बचावपटूची मान वळण्याआधी पास पोहोचलेला असतो. मायामीविरुद्धच्या अंतिम मालिकेतल्या तिसऱ्या सामन्यात ३२ गुण, २१ रिबाउंड आणि १० असिस्ट! अशा मालिकेत हे पूर्वी कुणालाच जमले नव्हते. तरी मनात राहते ती त्याची बिनघाईची चाल.

महिलांच्या अमेरिकी विद्यापीठ स्पर्धेत आयोवाच्या केटलिन क्लार्कच्या लांब पल्ल्याच्या थ्री-पॉइंटरचे कौतुक झाले. तिचे पास त्याहून कमी दिसले, हा आपल्या नजरेचा दोष. आयोवाविरुद्धचा अंतिम सामना लुइझियाना स्टेटने १०२–८५ असा जिंकला. तो सुमारे ९९ लाख लोकांनी टीव्हीवर पाहिला.

मग पुरुषांची विश्वचषक स्पर्धा, तिचा अंतिम टप्पा मनिलात. अमेरिकेचे बाराही खेळाडू एनबीएतले, पण उंच खेळाडूंची फळी तोकडी. लिथुआनियाने आपले पहिले नऊच्या नऊ थ्री-पॉइंटर टाकून त्यांना हरवले, उपांत्य फेरीत जर्मनीने ११३–१११ असे नमवले आणि कांस्यपदक कॅनडाने नेले. २०११ मध्ये स्वतंत्र झालेल्या दक्षिण सुदानने पहिल्याच विश्वचषकात तीन सामने जिंकून थेट पॅरिस ऑलिंपिकचे तिकीट मिळवले. त्यांचे अनेक खेळाडू निर्वासित कुटुंबांतले, परदेशांत वाढलेले. या स्पर्धेतली सर्वांत मोठी गोष्ट मला हीच वाटते.

अंतिम सामन्यात जर्मनीने सर्बियाला ८३–७७ असे हरवले. डेनिस श्रोडरचे २८ गुण निर्णायक ठरले. पण या विजयाची पायाभरणी आधीच झाली होती. प्रशिक्षक गॉर्डन हर्बर्ट यांनी खेळाडूंकडून तीन उन्हाळे राष्ट्रीय संघासाठी मागून घेतले होते. सहकारी कुठे असेल हे न बघता कळणे, ही या खेळाची खरी कला. ती नावांची यादी करून जमत नाही, एकत्र घालवलेल्या उन्हाळ्यांतूनच येते.